पांढऱ्या घोड्याचा खुराक

१० डिसेंबर १७४२ रोजी ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहापुढे खर्चाची एक बाब मंजुरीसाठी आली. हॅनोव्हर या जर्मन संस्थानाचे १६ हजार सैनिक ब्रिटिश खजिन्याच्या पगारावर घ्यायचे होते. खरे तर ते ऑगस्टपासूनच घेतले गेले होते. सरलेल्या महिन्यांचा आणि येत्या वर्षाचा खर्च एकत्र धरला तर रक्कम साडेसहा लाख पौंडांच्या पुढे जात होती. बाजूने २६० मते पडली, विरुद्ध १९३. सरकारच्या दृष्टीने विषय तिथे संपला. लंडनच्या रस्त्यांवर मात्र तो तेव्हा कुठे सुरू झाला. पुढची दोन वर्षे चित्रांच्या दुकानांतून या एका खर्चावर जेवढा राग उमटला, तेवढा त्याआधी सरकारच्या क्वचितच कुठल्या खर्चावर उमटला असेल.

हा राग समजायला थोडे मागे जावे लागते. १७१४ मध्ये ब्रिटनच्या गादीवर हॅनोव्हरचा इलेक्टर, म्हणजे तिथला संस्थानिक, पहिला जॉर्ज म्हणून आला. एक माणूस दोन राज्यांचा धनी झाला, पण राज्ये दोनच राहिली. त्यांचे कायदे, दरबार आणि खजिने वेगळे होते. अशी वेळ येणार हे इंग्रज पुढाऱ्यांनी आधीच ओळखले होते. वारसा ठरवणाऱ्या १७०१ च्या कायद्यात त्यांनी कलमच घातले होते की, परका माणूस राजा झाला तर त्याच्या मूळ मुलखाच्या रक्षणासाठी संसदेच्या संमतीशिवाय या देशाला युद्धात ओढता येणार नाही. खड्या फौजेची धास्तीही जुनी होती. तिसऱ्या विल्यमने हॉलंडहून आणलेली पहाऱ्याची पलटण संसदेने १६९९ मध्ये त्याच्या डोळ्यांदेखत परत पाठवायला लावली होती. परक्या राजाच्या हाताखाली परकी फौज आणि तिचा पगार आपल्या करांतून, ही तीन गोष्टींची सांगड इंग्रज माणसाला फार खुपत असे.

तरीही सरकारे असा खर्च करतच होती, कारण त्यात सोय होती. बेटावरच्या देशाजवळ आरमार भक्कम होते, पायदळ तुटपुंजे. युरोपात लढायचे तर जर्मन संस्थानिकांकडून तयार पलटणी भाड्याने घेणे झटपट होई आणि घरची माणसे शेतात, कारखान्यांत, गलबतांवर राहत. पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोलच्या काळात हेसे-कासेलचे १२ हजार सैनिक ब्रिटनच्या पगारावर होते आणि त्यांच्यापायी वर्षाला सुमारे २ लाख ४१ हजार पौंड जात. १७३० मध्ये यावर संसदेत वाद झाला आणि बहुमताच्या जोरावर वॉलपोलने तो निभावून नेला. हेसेचा संस्थानिक निदान तिऱ्हाईत होता. १७४२ मध्ये गोष्ट निराळी होती. या वेळी सैन्य भाड्याने देणारा हॅनोव्हरचा इलेक्टर आणि ते घेणारा ब्रिटनचा राजा ही एकच व्यक्ती होती.

१७४० च्या अखेरीस प्रशियाच्या फ्रेडरिकने ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाचा सायलेशिया प्रांत बळकावला आणि युरोपभर युद्ध पेटले. ब्रिटनचा कल मारिया थेरेसाकडे होता. पण १७४१ च्या शरद ऋतूत फ्रेंच फौजा हॅनोव्हरच्या दिशेने सरकू लागताच दुसऱ्या जॉर्जने इलेक्टर या नात्याने फ्रान्सशी तटस्थतेचा करार करून टाकला. राजा म्हणून एक बाजू, इलेक्टर म्हणून कुठलीच नाही. लंडनमध्ये ही बातमी विश्वासघाताची म्हणूनच ऐकली गेली. फेब्रुवारी १७४२ मध्ये वॉलपोल पडला, परराष्ट्र व्यवहार लॉर्ड कार्टरेटच्या हाती आले आणि काही महिन्यांतच त्याच तटस्थ हॅनोव्हरच्या १६ हजार शिपायांचा पगार ब्रिटनने उचलला.

विरोधकांनी हिशेबाचा एकेक आकडा सोलून काढला. लॉर्ड चेस्टरफील्ड आणि एडमंड वॉलर यांनी मिळून लिहिलेली ‘हॅनोव्हरच्या फौजेची कैफियत’ ही पुस्तिका गाजली. तिच्यातला युक्तिवाद कुणालाही कळेल असा होता. ही फौज इलेक्टरला स्वतःच्या मुलखासाठी पोसावीच लागली असती, मग तिचा भार ब्रिटनवर का? नवी पलटण उभी करताना देतात तो भरतीचा पैसा आधीपासून उभ्या असलेल्या पलटणींना कशासाठी? कॉमन्समध्ये विल्यम पिट नावाच्या तरुण सभासदाने याहून बोचरी गोष्ट सांगितली: एवढे बलाढ्य राज्य एका क्षुद्र इलेक्टोरेटचा प्रांत होऊन बसले आहे. त्या भाषणाबद्दल राजाने त्याला पुढे कितीतरी वर्षे माफ केले नाही. मार्लबरोची वृद्ध डचेस सारा हिने मात्र १७४४ मध्ये मरताना त्याच्या नावे १० हजार पौंड ठेवले.

पैसा येत कुठून होता, हेही लोकांना दिसत होते. जमिनीवरचा कर पौंडाला चार शिलिंग, म्हणजे पाचवा हिस्सा, इतका चढला होता. १७४३ मध्ये सरकारने जिन या स्वस्त दारूचा कायदा बदलला, परवाने सोपे केले आणि दारूवरचा कर युद्धाच्या खर्चासाठी लावला. लॉर्ड्समध्ये बिशप मंडळींनीसुद्धा विरोध केला. लंडनच्या गल्ल्यांत जिनने घरेच्या घरे बसवली होती. त्या व्यसनातून निघालेला पैसा युद्धाकडे वळवला जात होता. या आरोपाला सरकारजवळ धड उत्तर नव्हते.

पण पुस्तिका वाचायला वेळ लागतो आणि संसदेतली भाषणे उघडपणे छापण्याची तर मुभाच नव्हती. तिथे चित्रे कामी आली. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने त्यावर रेघा ओढायच्या, पत्रा तेजाबात बुडवायचा आणि उमटलेल्या खाचांत शाई भरून दाबयंत्राखालून कागद काढायचा. हाताने कोरणाऱ्याला महिने लागत, ते काम तेजाब काही तासांत करी. त्यामुळे संसदेतली आठवड्यापूर्वीची घटनाही चित्रात येऊ शकत असे. साधा छाप साधारणपणे ६ पेन्सला, हाताने रंगवलेला शिलिंगाला. मजुराला हे परवडणारे नव्हते, पण त्याला विकत घ्यायची गरजही नव्हती. स्ट्रँड, फ्लीट स्ट्रीट आणि सेंट पॉलच्या आवारातल्या दुकानांच्या काचांवर नवे चित्र लागले की गर्दी जमे आणि वाचता येणारा एखादा इतरांना मजकूर वाचून दाखवी. कॉफीघरांच्या भिंतींवरही ही चित्रे असत. (तांब्यावर कोरून छापण्याचा प्रयोग त्याच शतकाच्या अखेरीस पुण्यातही झाला. तिथला ब्रिटिश वकील मॅलेट याच्या हाताखाली तयार झालेल्या एका तांबटाकडून नाना फडणिसांनी भगवद्गीतेचे पत्रे कोरायला घेतले होते. नानांच्या पश्चात ते काम मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये पुरे झाले.)

छापण्याआधी सरकारची परवानगी घेण्याची अट ब्रिटनमध्ये १६९५ मध्येच संपली होती. छापल्यानंतर मात्र बदनामीचा खटला होऊ शकत असे आणि लिहिलेले खरे आहे हा बचाव चालत नसे. म्हणून मंत्र्यांची नावे पहिले-शेवटचे अक्षर देऊन मधे रेघ मारून छापत. राजाला माणूस म्हणून दाखवणे धोक्याचे होते. त्याच्या बदल्यात हॅनोव्हरच्या निशाणावरचा पांढरा घोडा आला. चित्रकारांना याहून उपयोगी काही मिळाले नसते. घोडा पुष्ट आणि मस्तवाल काढायचा, शेजारी ब्रिटनचा सिंह बरगड्या निघालेला, उपाशी, कधी पाठीवर घोड्याला वाहणारा. साडेसहा लाख म्हणजे किती, हे ज्याला सांगता येत नव्हते त्यालाही कोण खातो आणि कोणाच्या जिवावर, हे एका नजरेत समजे. त्या काळच्या विरोधी राजकारणाचे मोठे यश मला इथे दिसते. अंदाजपत्रकातली एक ओळ लोकांनी स्वतःच्या ताटातल्या घासासारखी ओळखली.

२७ जून १७४३ रोजी जर्मनीत माइन नदीकाठी डेटिंगेनला लढाई झाली. दुसरा जॉर्ज स्वतः सैन्याबरोबर होता; रणात उतरलेला तो ब्रिटनचा शेवटचा राजा. फ्रेंचांचा पराभव झाला, लंडनमध्ये रोषणाई झाली, संगीतकार हँडेलने विजयाचे स्तोत्र रचले. सहा महिने जायच्या आत या विजयाची चव कडू झाली. छावणीतून आलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी गोष्टी सांगायला सुरुवात केली: राजाने लढाईत हॅनोव्हरचा पिवळा पट्टा बांधला होता, त्याच्या मर्जीत फक्त हॅनोव्हरवाले होते, ब्रिटिश सेनापती लॉर्ड स्टेअरचे कुणी ऐकत नव्हते. स्टेअरने तर राजीनामाच दिला. सर्वांत जास्त टीका हॅनोव्हरचा जनरल इल्टन याच्यावर झाली. त्याने ब्रिटिश गार्ड्सच्या पलटणी लढाईपासून मागे ठेवल्या असा आरोप होता. फौज मुरंब्यासारखी टिकवून ठेवणारा म्हणून त्याला ‘हलवाई जनरल’ हे नाव पडले आणि त्याच नावाने त्याची चित्रे दुकानांत लागली.

या चित्रांत सगळेच खरे नव्हते. डेटिंगेनला हॅनोव्हरचा तोफखाना आणि पायदळ लढले होते, त्यांची माणसे पडली होती. चित्रांतून ते नाहीसे झाले.

संसदेत परिणाम दिसू लागला. जानेवारी १७४४ मध्ये तीच बाब पुन्हा मताला आली तेव्हा बाजूने २७१ आणि विरुद्ध २२६ मते पडली. ६७ चे मताधिक्य ४५ वर आले. कार्टरेटचे सहकारीच, पेल्हम बंधू, कुजबुजू लागले की हा माणूस राजाच्या नादाने सरकार बुडवील. नोव्हेंबर १७४४ मध्ये कार्टरेटला जावे लागले. नव्या मांडणीत हॅनोव्हरची फौज ब्रिटनच्या पगारावरून उतरली. पण मारिया थेरेसाला द्यायच्या वार्षिक मदतीत ब्रिटनने वाढ केली आणि तिने त्या पैशातून हॅनोव्हरची फौज ठेवून घेतली. पैसा ब्रिटनचाच आणि शिपाई तेच, खतावणीतले नाव तेवढे बदलले. पिटनेही या व्यवस्थेला पाठिंबा दिला. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत लाजिरवाणा क्षण आहे. लोकांच्या रागाला उत्तर म्हणून खर्च थांबवला गेला नाही, तो नजरेआड केला गेला.

लोक इतक्या सहज विसरले नाहीत. १७४८ च्या तहात ब्रिटनने कॅनडाच्या किनाऱ्यावर जिंकलेले केप ब्रेटन फ्रान्सला परत दिले आणि युद्धाअखेर राष्ट्रीय कर्ज ४ कोटी ६० लाखांच्या आसपासवरून साडेसात कोटी पौंडांच्या पुढे गेले होते. १७४९ मध्ये पेल्हम बंधूंवर निघालेल्या एका चित्रात ते दोघे ब्रिटानियाचे, म्हणजे देशाच्या स्त्रीरूपाचे, पोट फाडत आहेत आणि पांढरा घोडा तिचे रक्त पितो आहे. मी या चित्रांची वर्णने वाचत आलो आहे, पण हे चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा थबकलो. त्यात हसण्यासारखे काहीच नाही, निव्वळ संताप आहे.

१७५६ मध्ये हीच फौज थेट इंग्लंडच्या भूमीवर उतरली. फ्रान्स स्वारी करणार अशी हवा होती, घरचे सैन्य अपुरे होते, म्हणून पेल्हम बंधूंपैकी थोरल्या ड्यूक ऑफ न्यूकॅसलच्या सरकारने हॅनोव्हर आणि हेसे इथून दहा हजारांहून अधिक सैनिक आणवले. हॅनोव्हरवाल्यांची छावणी केंट परगण्यात मेडस्टोनजवळ कॉक्सहीथला पडली. सुरुवातीला गावकऱ्यांनी त्यांचे स्वागतच केले. हे शिपाई शिस्तीचे होते आणि रोख पैसे मोजत होते. मग सप्टेंबरमध्ये मेडस्टोनच्या एका दुकानात रुमालांवरून प्रकरण घडले. एका शिपायाने काही रुमाल विकत घेतले आणि पैसे दिले त्यापेक्षा जास्त उचलले असा दुकानदाराचा आरोप होता. गावच्या अधिकाऱ्यांनी त्याला तुरुंगात टाकले. छावणीचा प्रमुख काउंट किल्मन्सेग अडून बसला की आमच्या माणसाचा न्याय आम्हीच करणार, आणि मंत्री होल्डरनेसने आपल्या सहीने त्याची सुटका करवली. शिपायाला त्याच्या फौजेने फटक्यांची कडक शिक्षा दिली, पण तिकडे कोण लक्ष देणार? मंत्र्याच्या चिठ्ठीने इंग्रज तुरुंगाचे दार परक्यासाठी उघडले, एवढेच देशभर बोलले गेले. काही रुमालांसाठी शेकडो कागद छापले गेले. आता प्रश्न पैशाच्या पलीकडे गेला होता: कायदा सर्वांना सारखा आहे की नाही?

थंडी पडू लागली तेव्हा आणखी एक पेच उभा राहिला. सैनिकांना सरायांत उतरवण्याचा कायदा ब्रिटिश सैन्यापुरता होता. परक्यांना जागा द्यायला सरायवाले तयार नव्हते आणि बळजबरी करायला सरकारजवळ अधिकार नव्हता. जर्मन शिपाई ओल्या तंबूंत कुडकुडत राहिले.

याच वर्षी व्यंगचित्राचे रूपही बदलले. जॉर्ज टाउनशेंड हा उमराव घराण्यातला लष्करी माणूस डेटिंगेनला स्वतः लढला होता. राजपुत्र कंबरलँड आणि त्याच्या गोटातल्या मंत्र्यांवर त्याचा दात होता. पत्त्याएवढ्या छोट्या कागदावर चार रेघांत माणसाचा चेहरा पकडण्याची विलक्षण हातोटी त्याच्याजवळ होती. स्ट्रँडवरचे मॅथ्यू आणि मेरी डार्ली हे दांपत्य अशी चित्रे छापून विकत असे. ती टपालाने परगण्यांत जात आणि पुढे डार्लींनी १७५६-५७ च्या चित्रांचे पुस्तकही काढले. पूर्वीच्या गर्दीच्या, मजकुराने भरलेल्या चित्रांजागी आता ओळखू येणारा एक जाडा माणूस, एक कोल्हा, एक हंस एवढ्यावर काम भागू लागले. टाउनशेंडजवळ नुसती टीका नव्हती, पर्यायही होता. परक्यांना पगार देण्यापेक्षा परगण्या-परगण्यांतून घरची राखीव फौज उभारा, असे त्याचे विधेयक होते. मे १७५६ मध्ये लॉर्ड्सने ते फेटाळले, १७५७ मध्ये ते मंजूर झाले.

दरम्यान मिनॉर्का बेट फ्रेंचांच्या हाती गेले, न्यूकॅसल पडला, पिट सत्तेवर आला. डिसेंबर १७५६ च्या राजाच्या भाषणातच जर्मन फौज परत जाणार हे सांगितले गेले. चित्रांनी जे मागितले ते मिळाले होते.

आणि मग दोन गोष्टी घडल्या. चिठ्ठ्या टाकून राखीव फौजेत माणसे निवडायची वेळ आली तेव्हा १७५७ च्या उन्हाळ्याअखेरीस यॉर्कशायर, लिंकनशायर अशा परगण्यांत दंगे उसळले. परकी फौज नको म्हणणाऱ्या देशात स्वतः बंदूक उचलायला गरीब माणूस तयार नव्हता. त्याचे कारणही योग्य होते, कारण श्रीमंताला पैसे भरून आपल्या जागी दुसरा देता येत होता. आणि पिटने, ज्याने हॅनोव्हरच्या खर्चावर आपले नाव कमावले त्याने, १७५८ पासून प्रशियाला वर्षाला ६ लाख ७० हजार पौंड दिले आणि हॅनोव्हर, हेसे, ब्रन्सविकच्या मिळून उभ्या राहिलेल्या सैन्याचा भार ब्रिटनच्या खजिन्यावर घेतला. फ्रान्सला जर्मनीत गुंतवून अमेरिका जिंकायची हे त्याचे धोरण होते आणि ते फळले. १७६३ मध्ये कर्ज १३ कोटींच्या वर गेले होते. विजय मिळत होते तोवर चित्रांची धार बोथट राहिली. १७६२ मध्ये चित्रकार हॉगार्थने ‘द टाइम्स’ या चित्रात पिटला उंच काठ्यांवर चढून जळत्या घरांना भात्याने वारा घालताना दाखवले, तेव्हा उलट हॉगार्थवरच चित्रांची झोड उठली.

या सगळ्या वर्षांत एक माणूस चित्रांत फारच क्वचित नीट दिसतो: तो भाड्याने दिलेला शिपाई. तो कधी चोर, कधी खादाड, कधी मिशाळ राक्षस. त्याच्या संस्थानिकाने त्याचा सौदा केला होता आणि पौंड त्या संस्थानिकाच्या तिजोरीत जात होते, हे फार थोड्यांनी रेखाटले. खर्चावरचा राग न्याय्य होता. तो ज्याच्यावर काढला तो माणूस बहुतेकदा चुकीचा होता.

१७७६ मध्ये अमेरिकेतल्या वसाहती दाबण्यासाठी जर्मन संस्थानिकांशी करार झाले तेव्हा ही बाब आणखी उघडी पडली. २९ फेब्रुवारीला कॉमन्सने ते २४२ विरुद्ध ८८ मतांनी मान्य केले. ब्रन्सविकच्या करारात दर शिपायामागे ३० क्राउन भरतीचा पैसा होता आणि तीन जखमी म्हणजे एक मेलेला असा भरपाईचा हिशेबही. ४ जुलैच्या अमेरिकन जाहीरनाम्यात राजावरच्या आरोपांत परक्या भाडोत्री फौजेचा उल्लेख आला, तो याच करारांमुळे. युद्धभर सुमारे ३० हजार जर्मन अटलांटिकपार गेले. त्यांतले सतरा हजारांच्या आसपास मायदेशी परतले. बाकीचे लढाईत आणि त्याहून अधिक रोगराईत मेले, किंवा पळून तिथेच शेती करू लागले.

त्याच युद्धाच्या काळात हॅनोव्हरच्या दोन पलटणी हिंदुस्थानातही आल्या. १७८१ मध्ये त्यांची भरती झाली, १७८२ मध्ये त्या मद्रासला उतरल्या आणि १७८३ मध्ये कडलूरला फ्रेंचांविरुद्ध लढल्या. त्यांचा पगार ब्रिटिश संसदेच्या अंदाजपत्रकात नव्हता. तो ईस्ट इंडिया कंपनीने दिला. कॉमन्समध्ये ज्या खर्चासाठी दरवर्षी मत मागावे लागे, तो इथे कंपनीच्या खजिन्यातून, म्हणजे मोठ्या प्रमाणात इथल्याच महसुलातून, भागत होता. वीस वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला दुसऱ्या बाजीरावाने सहा हजार तैनाती फौजेच्या खर्चापोटी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीला लिहून दिला.